अर्ध्या किलोची चाचणी

मला पोहता येत नाही. हे आधीच सांगून टाकलेलं बरं, कारण पुढचं सगळं पाण्याबद्दल आहे आणि वाचणाऱ्याचा गैरसमज व्हायला नको. एकतीस वर्षं मी पाण्याखाली जाणाऱ्या वस्तूंना ‘ही इतक्या मीटर खोलीपर्यंत टिकेल’ असे दाखले दिले. जहाजाच्या तळाला बसणाऱ्या झडपा, केबलींचे जोड, कॅमेऱ्यांच्या पेट्या, पाणबुड्यांचे दिवे. (पाणबुड्या म्हणजे पाण्याखाली काम करणारा माणूस. पाणबुडी म्हणजे बोट. दोन्ही आमची गिऱ्हाइकं.) तीनशे मीटरच्या दाखल्यांवरही माझी सही आहे. मी स्वतः मात्र गुडघ्याच्या वर कधी पाण्यात उतरलो नाही.

पुण्याला समुद्र नाही, पण समुद्राचा दाब हडपसरला आमच्या कारखान्यात मिळायचा. त्यासाठी एक टाकी होती. टाकी म्हणजे माझ्या खांद्याएवढं उंच, चार बोटं जाड पोलादाचं पिंप. वर झाकण, झाकणाला सोळा बोल्ट. वस्तू आत ठेवायची, पाणी भरायचं, हवेचा शेवटचा बुडबुडा निघून जाईपर्यंत थांबायचं आणि मग पंपाने दाब वाढवायचा. गणित सोपं आहे. दर दहा मीटरला करंगळीच्या नखाएवढ्या जागेवर एक किलोचं ओझं वाढतं. शंभर मीटरला दहा किलो. आमच्याकडे सगळे किलोतच बोलायचे. ‘आज किती किलो?’ असं कोणी विचारलं की बाहेरच्याला वाटायचं, भाजीचं चाललंय.

हवा काढायची एवढी काळजी का, तेही सांगतो. पाणी जवळजवळ दाबलं जात नाही. टाकीला तडा गेलाच तर थोडं पाणी सांडतं आणि दाब संपतो. हवा मात्र स्प्रिंगसारखी दबून बसते आणि सुटली की लोखंडाचा तुकडा गोळीसारखा फेकते. नवीन माणूस आला की पहिल्या दिवशी मी त्याला हेच सांगायचो, अगदी बोट नाचवून.

एकदा बुधवार पेठेतले एक दुकानदार मनगटी घड्याळ घेऊन आले.

“यावर पन्नास मीटर लिहिलंय. खरं आहे का ते बघून द्या.”

“बघतो. पण खोटं निघालं तर घड्याळ जाईल.”

“मग न बघताच खरं आहे असं लिहून द्या.”

मी दिलं नाही. ते पुन्हा आले नाहीत, आणि आम्हालाही त्यांची आठवण आली नाही.

अशा कामात माणसाला हळूहळू गर्व चढतो. माझे वडील टपाल खात्यात होते, बिबवेवाडीतल्या दोन खोल्यांत आम्ही पाच भावंडं वाढलो, आणि मी पदविका घेऊन या टाकीपाशी येऊन उभा राहिलो तेव्हा मला झडप कशाशी खातात हेही माहीत नव्हतं. चोवीस वर्षांत मी अशी वेळ आणली की कारखान्यात कोणी ‘पाण्याचा दाब’ असं म्हटलं की सगळ्यांच्या माना माझ्याकडे वळायच्या. त्या माना हीच माझी खरी कमाई होती. मग सुर्वे आला.

सुर्वे नौदलातून निवृत्त झालेला पाणबुड्या. मूळचा मालवणचा, पंचेचाळिशीचा, ठेंगणा, पेटाऱ्यासारखी छाती. वाघोलीला भाड्याने राहायचा. आमच्या मालकांनी त्याला सल्लागार म्हणून ठेवला. थंडीच्या दिवसांत तो तीन-चार वेळा रजा घेऊन बंदरावर जायचा आणि जहाजांचे तळ तपासायची खाजगी कामं करून यायचा. परत आला की चेहरा असा, जणू माहेरी जाऊन आलाय.

पहिल्याच आठवड्यात नौदलाचे दोन अधिकारी आमच्याकडे आले. मी दाबाचे तक्ते भिंतीवर लावून तयार होतो. पाच मिनिटं त्यांनी ऐकलंही. मग एकाने सुर्वेला सहज विचारलं, “तुम्ही जहाजाखाली काम केलंय का?”

“हो. बंदराच्या गढूळ पाण्यात,” सुर्वे म्हणाला. “तिथे डोळे उघडे ठेवले काय, मिटले काय, सारखंच. सगळं हातांनी बघायचं. तळ चाचपत जायचं आणि मनात नकाशा काढायचा.”

दोघांनी खुर्च्या त्याच्याकडे वळवल्या. माझ्या तक्त्यांकडे त्यांची पाठ झाली, ती जेवणाच्या वेळेपर्यंत.

त्या दिवसापासून मला त्याचा हेवा वाटू लागला. हेवा हा शब्द मी आज लिहितोय. तेव्हा मी त्याला ‘शिस्तीचा आग्रह’ म्हणायचो. त्याच्या नोंदींतल्या शुद्धलेखनाच्या चुका मी लाल पेनने दाखवायचो. तो बैठकीत बोलायला लागला की मला पंपाचं तेल तपासायचं आठवायचं. पाण्याचा दाब मला आकड्यांत ठाऊक होता, त्याला कानांत, छातीत, दातांच्या मुळांत ठाऊक होता, आणि लोकांना आकडे ऐकायचे नव्हते.

घरीही तेच. बायकोच्या सांगण्यावरून मी त्याला एकदा जेवायला बोलावलं. येताना तो गावाकडचे सुके बांगडे आणि कोकमाचं आगळ घेऊन आला. आमची स्नेहल तेव्हा दहावीला होती. तिने त्याला पाण्याखालचे शंभर प्रश्न विचारले आणि मग माझ्याकडे वळून म्हणाली, “बाबा, तुम्ही सगळ्यात खोल किती गेलात?”

सुर्वे झटकन म्हणाला, “अगं, तुझे बाबा ‘जा’ म्हणतात म्हणून आम्ही खाली जातो.”

किती चांगलं बोलला. आणि मला ते किती झोंबलं! सांभाळून घेतलेलं कोणाला आवडतं?

तो गेल्यावर मंदा भांडी आवरताना म्हणाली, “एवढा भला माणूस. तुमचं नेमकं काय दुखतंय?”

“काही नाही.”

“मग बांगडा का नाही घेतलात? आवडतो ना तुम्हाला?”

त्यानंतर वर्षभराने नौदलाकडून पाणबुड्यांच्या दिव्यांचं काम आलं. जहाजाच्या तळाशी काम करताना हातात धरायचे दिवे. ॲल्युमिनियमचं नळकांडं, पुढे जाड काच, मागे आट्यांचं झाकण, आत बॅटरी. झाकणाच्या खाचेत रबराची एक कडी बसते. पाणी अडवायचं सगळं काम त्या कडीचं. दिवे चाळीस मीटरचे होते, म्हणजे चार किलो. मी ते सहा किलोला तपासत होतो. वीसच्या वीस पास.

सुर्वे टाकीपाशी येऊन उभा राहिला. बाकीची चार माणसंही तिथेच होती.

“काय हो कांबळेसाहेब, सहा किलोला ठीक आहे. अर्ध्या किलोला काय होतं?”

“जो सहा किलोला टिकतो, तो अर्ध्याला टिकणार नाही?” मी म्हणालो. “पैलवानाला कडेवरचं मूल उचलता येतं का, असं विचारताय तुम्ही.”

सगळे हसले. सुर्वेही हसला, पण हलला नाही.

“आमचं उलटं असतं,” तो म्हणाला. “नवा माणूस पाण्यात उतरला की कान सगळ्यात जास्त कुठे दुखतो? पहिल्या दहा मीटरला. वर आपल्यावर हवेचा एक किलो असतोच. दहा मीटरला त्याचे दोन होतात, म्हणजे एकदम दुप्पट. पुढे तीसवरून चाळीसला गेलं तर चाराचे पाच, फार जाणवत नाही. त्रास सगळा वरच्या पाण्यातच. आणि या रबराचंही तसंच वाटतं मला. दाब जोरात आला की ते खाचेत घट्ट जाऊन बसतं. पण हळू दाबाला त्याला कोण ढकलणार? ते आपलं सैलच राहील. जहाजाचा तळ तर पाच-सहा मीटरवर असतो. आमचा माणूस पाऊण तास तिथेच असतो.”

इथे मला एक गोष्ट अगदी सरळ लिहायची आहे. तो बरोबर आहे हे मला त्याच क्षणी कळलं. आमचा पंप अर्ध्या किलोचा टप्पा काही सेकंदांत ओलांडून जायचा, तेवढ्यात आत पाणी शिरलं तरी थेंबभर, दिसणारही नाही. शिवाय या खेपेला नळकांड्यांच्या खाचा दुसऱ्या ठिकाणी कापून घेतल्या होत्या. त्या केसभर जास्त रुंद आहेत हे मी स्वतः मोजलं होतं. मोजून, ‘मर्यादेत’ असं लिहिलं होतं. सुर्वे बोलत असतानाच माझ्या डोळ्यांपुढे ती सैल कडी आली.

“बघू,” मी म्हणालो.

पुण्यात ‘बघू’चा अर्थ काय होतो ते सांगायला नको. ती चाचणी करायला एका दिव्याला पाऊण तास लागला असता. एका वेळी टाकीत पाच दिवे मावायचे, म्हणजे एका सकाळचं काम. दिवे माझ्या कपाटात नऊ दिवस पडून होते. मी रोज कपाट उघडायचो, दिवे बघायचो आणि बंद करायचो. चाचणी केली असती आणि दिवे नापास झाले असते, तर सगळे म्हणाले असते, ‘सुर्वेने सांगितलं म्हणून वाचलो.’ दहाव्या दिवशी मी सही केली आणि दिवे पाठवून दिले.

तीन आठवड्यांनी बंदरावरून फोन आला. एका पाणबुड्याचा दिवा जहाजाखाली विझला होता. जहाज आणि धक्का यांच्यामधल्या अंधारात तो होता. कमरेच्या दोरीला धरून, तळ चाचपत तो वर आला. त्याला काही झालं नव्हतं. ‘दिव्यात पाणी दिसतंय, तपासून कळवा,’ असं म्हणून त्यांनी दिवा पाठवला. न उघडता, पिशवीत बंद करून.

सकाळी पार्सल माझ्या टेबलावर आलं. सुर्वे अजून पोहोचायचा होता. वाघोलीहून येताना त्याला रोजच उशीर व्हायचा. माझ्या मनात एकच विचार होता. तो यायच्या आत दिवा उघडायचा, दोष शोधायचा, आणि ‘खाचेत चूक होती, मी शोधून काढली’ असं मालकांना सांगायचं. मी दिवा हातात घेतला. काचेमागे दोन चमचे गढूळ पाणी हलत होतं. झाकण घट्ट झालं होतं. दिवा छातीशी धरून, झाकण माझ्याकडे करून, मी पान्याने ते फिरवायला लागलो.

मी, ज्याने चोवीस-पंचवीस वर्षं नव्या माणसांना हवेचा धडा दिला, त्याच्या लक्षातही आलं नाही की आत समुद्राचं पाणी आणि बॅटरी तीन-चार दिवस एकत्र आहेत. त्यातून वायू तयार होतो. वायूला बाहेर जायला वाट नसते, कारण आतून दाब आला की बाहेरून सैल असलेली तीच कडी उलट बाजूने घट्ट बसते.

सुर्वे दारातून आत आला. त्याने पाणी पाहिलं, पाना पाहिला.

“अहो, थांबा! तोंड फिरवा! दिवा खाली—”

मी शेवटचा आटा फिरवला. का फिरवला? आवाज कोणाचा आहे ते कळलं होतं म्हणून. त्याचं ऐकायचं नाही, ही हाताला सवय लागली होती.

त्याने दोन ढांगांत येऊन उजव्या हाताने दिव्याचं झाकणाकडचं टोक माझ्या चेहऱ्यापासून बाजूला ढकललं. फटाक्यासारखा आवाज झाला. मी खुर्चीसकट मागे पडलो. उठून पाहिलं तर झाकण समोरच्या कपाटाच्या पत्र्यात रुतलं होतं आणि सुर्वे आपलं मनगट डाव्या हाताने धरून जमिनीवर बसला होता. रक्त बोटांमधून येत होतं.

“तुम्हाला लागलं का?” त्याने मला विचारलं.

मालकांच्या गाडीतून आम्ही त्याला इस्पितळात नेलं. मनगटाची हाडं मोडली होती आणि दोन बोटांच्या शिरा तुटल्या होत्या. शस्त्रक्रिया झाल्यावर डॉक्टर बाहेर येऊन म्हणाले, “हात वाचला. मूठ पूर्वीसारखी वळेल की नाही, सांगता येत नाही.”

तेव्हा माझ्या मनात जे आलं ते मी आजवर मंदालाही सांगितलेलं नाही. एक क्षणभर, पापणी लवायला लागतो तेवढा वेळ, मला वाटलं, ‘आता हाही माझ्यासारखाच. काठावरचा.’ आणि मला हायसं वाटलं. मग मी इस्पितळाच्या जिन्यात जाऊन बराच वेळ बसून राहिलो.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी त्याला भेटायला गेलो. त्याची बायको पाणी आणायला बाहेर गेली तेव्हा मी बोललो.

“सुर्वे, तुम्ही सांगितलेली चाचणी मी मुद्दाम केली नाही. विसरलो नव्हतो.”

तो छताकडे बघत होता. “ठाऊक आहे,” तो म्हणाला. “तुम्ही विसरणारे नाहीत.”

“माझं चुकलं.”

“हे मला नका सांगू, साहेब. माझा हात तर जमिनीवर मोडला, पाण्याखाली नाही. त्या दिव्यासारखे अजून एकोणीस दिवे कोणाच्या तरी हातात आहेत. कागदावर लिहा.”

माफ केलं असं तो म्हणाला नाही. मीही विचारलं नाही.

त्याच संध्याकाळी मी बंदरावर फोन करून सगळे दिवे थांबवायला सांगितले, आणि सकाळी अहवाल लिहून मालकांपुढे ठेवला. त्यात खाचेचं माप होतं, कडीचं कारण होतं, आणि शेवटी चार वाक्यं होती: ‘श्री. सुर्वे यांनी कमी दाबाची चाचणी आधीच सुचवली होती. ती आवश्यक आहे हे मला पटलं होतं. ती मी केली नाही. त्याचं कारण तांत्रिक नव्हतं.’

मालकांनी दोनदा वाचलं. “कांबळे, खाचेतला दोष एवढं लिहिलं तरी पुरेल. हे शेवटचं कशाला?”

“नाही पुरणार.”

“तांत्रिक नव्हतं म्हणजे? काय होतं मग?”

“हेवा.”

“हा शब्द मी नौदलाला पाठवू?”

“म्हणूनच तो लिहिला नाही.”

अहवाल तसाच गेला. माझा सहीचा अधिकार वर्षभरासाठी काढून घेतला गेला. नोकरी राहिली, हे मालकांचे उपकार. वर्षभर मी दुसऱ्याच्या सहीखाली दाब वाढवत आणि उतरवत होतो. कोणी टोमणा मारला नाही. सगळे फार जपून वागायचे, ते जास्त लागायचं. दिवे परत आले तेव्हा मी एकेक अर्ध्या किलोला पाऊण-पाऊण तास ठेवला. एकोणीसपैकी सातांमध्ये पाणी गेलं.

सुर्वेचं प्लास्टर निघालं. मूठ तीन बोटांची झाली, उरलेली दोन अर्धवट वळायची. थंडी सुरू व्हायच्या आधी तो पाणबुड्यांच्या वार्षिक तपासणीसाठी मुंबईला जाऊन आला. बसमधून उतरून थेट कारखान्यात आला आणि माझ्यासमोरच्या स्टुलावर बसला. मला विचारायचं धैर्य नव्हतं.

“नापास,” तोच म्हणाला. “दोर धरायला पकड पुरेशी नाही म्हणाले. बरोबरच आहे त्यांचं. मी असतो तर मीही नापास केलं असतं.”

मी चहा आणला. त्याने डाव्या हाताने कप धरला आणि टाकीकडे बघत बसला.

“कांबळेसाहेब,” थोड्या वेळाने तो म्हणाला, “मला तुमचं काम शिकवा.”

मी शिकवलं. हे प्रायश्चित्त वगैरे होतं असं समजू नका. शिकवतानाही मी जळतच होतो, कारण तो भराभर शिकत होता. पंपाच्या आवाजावरून तो किती किलो झाले ते सांगायचा, आणि मी काटा बघायचो तर तेवढेच असायचे. आठ महिन्यांत त्याने प्रत्येक वस्तूसाठी हळू दाबाची वेगळी चाचणी बसवली. डाव्या हाताने, शाळेतल्या मुलासारख्या मोठ्या अक्षरांत नोंदी करायचा. शुद्धलेखन तसंच होतं. मी लाल पेन काढलं नाही. कोणी पाणबुडे दिवे न्यायला आले की सरळ त्याच्याकडे जायचे. वर्षभराने माझी सही मला परत मिळाली, पण तोवर कागदावर दोन सह्या लागू लागल्या होत्या. पहिली त्याची.

एक गोष्ट मात्र मी ठरवून केली. तो काही बोलला की मला जे पहिलं उत्तर सुचायचं ते मी गिळायचो आणि चाचणी करून बघायचो. बारा-तेरा वेळा तो चुकला. तेव्हा मला झालेला आनंद मी लपवला नाही. तोही हसायचा, “बरं वाटलं ना?” म्हणायचा. मी “फार” म्हणायचो.

मी निवृत्त झालो तेव्हा माझ्या खुर्चीवर सुर्वेची नेमणूक झाली. निरोपाचा कार्यक्रम कारखान्याच्या अंगणात होता. शाल, नारळ, बटाटेवडे. मालक बोलले, दोन-तीन सहकारी बोलले, आणि ते सगळं कोणाच्याही निरोपाला चालेल असं होतं. मंदा आणि स्नेहल पहिल्या रांगेत बसल्या होत्या. शेवटी सुर्वेला बोलवलं. तो भाषणाला उभा राहिला की घामाघूम व्हायचा, तसा तेव्हाही झाला.

तो म्हणाला, “आमच्या धंद्यात खाली जाताना एकाच गोष्टीची खात्री लागते. वर दोर धरून बसलेला माणूस आपल्याशी खोटं बोलणार नाही याची. दोर कोणीही धरतो. पण स्वतःविरुद्धचा कागद स्वतःच्या हाताने लिहिणारा माणूस मी एकच पाहिला. आता मला खाली जायचं नाही. जायचं असतं, तर दोर यांच्या हातात दिला असता.”

मग तो पटकन खाली बसला. मंदाने पदर डोळ्यांना लावला. स्नेहल माझ्याकडे बघत होती, आणि तिच्या लहानपणापासून मला त्या डोळ्यांत जे पाहायचं होतं ते मी पाहिलं.

मला उत्तराचं भाषण करायचं होतं. चार कागद लिहून आणले होते. मी उभा राहिलो, कागद उघडले, आणि माझ्या मनात आलं, इतकं चांगलं बोलणं मला जन्मात जमलं नसतं.